बॉयलरच्या भट्टीत कच्चे तेल जाळताना: टाकीपासून धुराड्यापर्यंत

बॉयलरमध्ये सहसा जाळले जाणारे फर्नेस ऑइल म्हणजे रिफायनरीत हलके भाग काढून घेतल्यावर उरलेले जड तेल. कच्च्या तेलात, म्हणजे क्रूडमध्ये, ते हलके भाग अजून तसेच असतात. म्हणजे एकाच पाइपातून पेट्रोलही येते आणि डांबरही. पेट्रोलचा भाग साठवण, पंप, पाइप आणि आगीचा धोका ठरवतो; डांबराचा भाग फवारा, काजळी, राख आणि नळ्यांचा गंज ठरवतो. क्रूड जाळताना होणाऱ्या बहुतेक चुका यांपैकी एका टोकाचा विचार करून दुसरे विसरल्यामुळे होतात. "फर्नेस ऑइलपेक्षा पातळ आहे, म्हणजे सोपे जाईल" हा समज त्यांत सर्वांत घातक.

नीट तयारी केली तर क्रूड उत्तम जळते. जपानमधील वीजकेंद्रांनी इंडोनेशियाचे कमी गंधकाचे मिनास क्रूड वर्षानुवर्षे थेट बॉयलरमध्ये जाळले. सौदी अरेबियात उन्हाळ्यातली विजेची मागणी भागवण्यासाठी क्रूड जाळतात. तेलवाहू जहाजांच्या बॉयलरमध्ये क्रूड वापरण्यासाठी जहाज वर्गीकरण संस्थांचे वेगळे नियमच आहेत. पुढे अनेकदा त्या नियमांचा आधार येईल, कारण बंदिस्त जागेत कमी फ्लॅश पॉइंटचे, म्हणजे कमी तापमानालाच पेट घेणाऱ्या वाफा सोडणारे, तेल कसे हाताळावे याचा सगळ्यात कसून विचार तिथे झालेला आहे.

तेल येण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल

अहवालात घनता, फ्लॅश पॉइंट, बाष्पदाब, दोन तापमानांवरची व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), पोअर पॉइंट (ज्याखाली तेल वाहत नाही ते तापमान), पाणी व गाळ, मीठ, गंधक, व्हॅनेडियम, सोडियम, अस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा जड भाग) आणि हायड्रोजन सल्फाइड एवढे तरी असलेच पाहिजे. यांपैकी एखादा आकडा नसेल तर तेल टाकीत घेऊ नका, तो मागवून घ्या.

उष्मांकाची चिंता करण्याचे कारण नाही. जवळजवळ सर्व क्रूड किलोमागे १०,००० ते १०,८०० किलोकॅलरी देतात. फरक पडतो तो बाकीच्या आकड्यांनी. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअसच्या वर असतो. क्रूडचा मात्र खोलीच्या तापमानाखाली, हलक्या क्रूडचा तर शून्याखालीही असू शकतो. टाकीतल्या तेलाचे तापमान फ्लॅश पॉइंटपेक्षा १० अंश खाली ठेवावे हा फर्नेस ऑइलचा नेहमीचा नियम इथे पाळताच येत नाही, कारण तेल ज्वलनशील वाफा सोडत असतानाच टाकीत शिरते. म्हणून संरक्षण तापमानातून नव्हे, टाकीच्या बांधणीतून मिळवावे लागते.

शक्य असेल तर तेल आधी स्थिर करून घ्या, म्हणजे विरघळलेला वायू आणि सर्वांत हलका भाग काढून टाका. पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच मिटतात. कमी फ्लॅश पॉइंटच्या द्रवासाठी साठवणीचा परवाना वेगळा लागतो आणि बॉयलरच्या इंधनबदलाला निरीक्षकाची मंजुरी लागते. हे दोन्ही कागद बर्नर मागवण्याआधी हातात असू द्या.

किती तेल, किती हवा

हिशेब एका उदाहरणाने करू. तासाला ५ टन वाफ, दाब १० बार, फीड वॉटर (बॉयलरला जाणारे पाणी) ८५ अंशांवर. एका किलो वाफेत सुमारे ६६४ किलोकॅलरी असतात. त्यांतले ८५ पाण्यासोबतच आले, म्हणजे भट्टीने ५७९ द्यायचे. तासाची गरज झाली सुमारे २८,९५,००० किलोकॅलरी. बॉयलरची कार्यक्षमता ८४ टक्के आणि तेलाचा उष्मांक १०,४०० धरला, तर तासाला ३३१ किलो तेल लागेल. घनता ०.८६ असेल तर हे साधारण ३८५ लिटर होते.

एका किलो तेलाला जेमतेम पुरेल एवढी हवा सुमारे १४ किलो. त्यावर १५ टक्के जादा धरा. ३३१ किलोसाठी ५,३३० किलो हवा, म्हणजे ३० अंशांच्या आसपास तासाला साधारण ४,५५० घनमीटर. एफडी फॅन (भट्टीत हवा ढकलणारा पंखा) निवडताना यावर आणखी थोडी राखीव क्षमता ठेवावी लागते, कारण काजळी साचली की धुराच्या वाटेचा अडथळा वाढतो.

टाकी आणि पाइप: इथे पेट्रोलचे राज्य

मोठ्या साठ्यासाठी तरंगत्या छताची टाकी. रोजच्या वापराच्या टाक्या दोन हव्यात आणि त्या बंद हव्यात, नायट्रोजन किंवा अन्य निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली. एक टाकी चालू असताना दुसरीतले तेल निदान २४ तास स्थिर राहू द्या आणि तळाचे पाणी काढा. पंपाकडे जाणारा पाइप तळापासून अर्धा मीटर तरी वर असावा.

तळाच्या पाण्याबाबत मला विशेष आग्रह आहे, कारण त्याचे दोन परिणाम जीवघेणे आहेत. पहिला भट्टीत दिसतो. पाण्याचा लोंढा बर्नरवर आला की ज्वाला विझते, मागोमाग पुन्हा तेल येते, लाल विटांवर त्याची वाफ होते आणि स्फोट होतो. दुसरा टाकीत. क्रूडच्या टाकीला आग लागली की तापलेल्या जड तेलाचा थर हळूहळू खाली सरकतो, तळाच्या पाण्याला भिडतो आणि पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते तेल टाकीबाहेर उसळते. १९८२ साली व्हेनेझुएलातील ताकोआ वीजकेंद्रात जड इंधन तेलाच्या टाकीबाबत हेच घडले. आग लागल्यावर काही तासांनी तेल उसळले आणि दीडशेहून जास्त माणसे गेली.

टाकी भरताना पाइपाचे तोंड तेलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा, वरून धार सोडू नका. स्थिर विजेची ठिणगी पडते ती अशा धारेतूनच. टाकी, पाइप, टँकर सगळे अर्थिंगने जोडलेले हवे. टाकीचे झाकण उघडण्याआधी हायड्रोजन सल्फाइड मोजा. नाकावर विसंबू नका: हवेत दशलक्षात १०० भागांच्या पुढे हा वायू वास घेण्याची शक्तीच घालवतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे समजून माणसे टाकीवर गेलेली आहेत.

तेल टाकीतच खूप गरम करणे ही फर्नेस ऑइलची सवय क्रूडला चालत नाही. टाकीत फक्त वाहते राहण्यापुरती ऊब द्या, म्हणजे पोअर पॉइंटच्या वर १० ते १५ अंश. खरे तापवणे पंपाच्या पुढे, दाबाखाली. पंपाच्या सक्शनला गरम क्रूड आले की हलके भाग तिथेच उकळतात, पंप खडखडू लागतो, दाब पडतो आणि ज्वाला धडधडते. पंप स्क्रू प्रकारचा आणि मेकॅनिकल सीलचा घ्या. गळणारी दोरीची पॅकिंग इथे नको. सक्शनला ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जोड-गाळणी, पंपाच्या पुढे ८० ते १०० मेशची. क्रूडमधल्या वाळूने पंपही झिजतो आणि नोझलही.

रिटर्न लाइनकडे हमखास दुर्लक्ष होते. बर्नरकडून परत येणारे तेल हीटरमधून तापून आलेले असते. ते सरळ टाकीत सोडले की टाकीतच उकळते. ते कूलरमधून न्या किंवा पंपाच्या सक्शनआधीच्या एका छोट्या बंद भांड्यात सोडा आणि त्या भांड्याचा वायू सुरक्षित उंचीवर बाहेर काढा.

वाफेवरच्या हीटरची नळी फुटली तर तेल कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात) आणि तिथून फीड वॉटरमध्ये जाते. बॉयलरच्या नळ्यांना आतून तेलाचा पातळ थर बसला तरी त्या भागात धातू तापून फुगतो. म्हणून हीटरचे कंडेन्सेट फीड टाकीत थेट कधीही जोडू नये. आधी तपासणीच्या उघड्या टाकीत घ्या आणि तवंग दिसला की गटारात न सोडता वेगळे साठवा.

बॉयलर घरात पाइपाचे सांधे शक्य तितके वेल्डिंगचे ठेवा, फ्लँज लागलाच तर त्यावर आवरण आणि खाली ट्रे. जहाजांवर क्रूडचा पाइप दुसऱ्या हवाबंद नळीतून नेतात, त्या नळीतली हवा पंख्याने सतत ओढतात आणि बॉयलरच्या तोंडावर हूड बसवतात. जमिनीवरच्या बॉयलरलाही हीच पद्धत लावावी, खर्च सार्थकी लागतो. क्रूडच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे हवा ओढायची ती जमिनीलगत. पाइपासाठी उघडे चर खणू नका, वाफा तिथेच साचतात. गॅस डिटेक्टर जमिनीजवळ लावा, स्फोटाच्या किमान मर्यादेच्या २० टक्क्यांवर भोंगा वाजावा आणि ४० टक्क्यांवर तेल आपोआप बंद व्हावे. दिवे, मोटारी, स्विच सगळे फ्लेमप्रूफ.

फवारा: इथे डांबराचे राज्य

तेल जळते ते थेंबाच्या पृष्ठभागावर. थेंब जितका बारीक तितका तो भट्टीतच संपतो. थेंबाचा आकार ठरतो बर्नरच्या तोंडाशी असलेल्या व्हिस्कॉसिटीवर. प्रेशर जेट बर्नरला (नुसत्या तेलाच्या दाबाने फवारणाऱ्या) १२ ते २० सेंटिस्टोक, वाफेने फवारणाऱ्याला १५ ते २५, रोटरी कपला (फिरत्या पेल्यातून तेल उडवणाऱ्या) ४५ ते ६० पर्यंत चालते.

तापमान या आकड्यावरून ठरवायचे, सवयीवरून नाही. ०.८५ घनतेचे हलके क्रूड बहुधा तापवावेच लागत नाही. ०.८९ च्या आसपासचे ४० ते ६० अंशांवर बसते. ०.९३ च्या पुढचे जड क्रूड ९० ते १२० अंशांपर्यंत न्यावे लागते. एकाच घनतेच्या दोन क्रूडची व्हिस्कॉसिटी बरीच वेगळी असू शकते, म्हणून अहवालातल्या दोन तापमानांचे आकडे व्हिस्कॉसिटीच्या आलेखावर मांडून रेघ ओढा आणि हवे ते तापमान वाचा. त्याच्या वर जाऊ नका. हलके भाग गनमध्येच (बर्नरच्या तेल नेणाऱ्या नळीत) उकळले तर नोझलमधून तेल आणि वायू आलटून पालटून येतात आणि ज्वाला उचक्या देते. ऑपरेटरला वाटते तेल थंड आहे. तो हीटर आणखी वाढवतो आणि त्रास दुप्पट होतो.

क्रूडसाठी मी वाफेने फवारणारा बर्नरच निवडेन. प्रेशर जेटमध्ये तेलाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. प्रवाह निम्मा करायचा तर दाब चौथाईवर येतो आणि फवारा कोसळतो. म्हणून त्यावर लोड जेमतेम निम्म्यापर्यंतच खाली आणता येतो. वाफेच्या फवाऱ्यात आठ-एकपर्यंत खाली येता येते आणि तेलाची प्रत बदलली तरी तो फारसा कुरकुरत नाही. वाफ कोरडी हवी, थोडी सुपरहीट (उकळण्याच्या तापमानाच्या वर तापवलेली) असेल तर उत्तम. बर्नरजवळ स्टीम ट्रॅप (वाफेतले पाणी काढणारी झडप) असलाच पाहिजे. ओल्या वाफेमुळे ज्वालेत ठिणग्या उडतात आणि ज्वाला मध्येच तुटते. वाफेचा दाब तेलापेक्षा १ ते २ बार जास्त ठेवण्याची पद्धत आहे, नेमका आकडा बर्नर उत्पादकाचा पाळा. तेलाचा दाब वर गेला तर तेल वाफेच्या लाइनमध्ये घुसते, म्हणून तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा.

पेटवण्याचा क्रम

थंड बॉयलर क्रूडवर पेटवू नका. डिझेल किंवा गॅसवर सुरू करा, भट्टी तापली आणि वाफेचा दाब आला की क्रूडवर या.

पाण्याची पातळी, डॅम्पर, फॅन, गॅस डिटेक्टर पाहा. गनभोवती तेल गळून भट्टीच्या तळाशी साचले आहे का ते झरोक्यातून बघा. साचले असेल तर पुसून काढेपर्यंत पुढे जाऊ नका. मग पर्ज, म्हणजे भट्टीतल्या वाफा हवेने बाहेर काढणे: हवेचा प्रवाह पूर्ण लोडच्या किमान चौथाईवर ठेवून निदान पाच मिनिटे, आणि तेवढ्यात भट्टी व धुराच्या वाटेतली हवा पाच वेळा तरी बदलली पाहिजे. उत्पादकाने जास्त सांगितले असेल तर तेच खरे. क्रूडच्या वाफा तळाशी बसतात, त्यामुळे पर्ज आखडता घेऊ नये.

पायलट (पेटवण्यासाठीची लहान ज्वाला) पेटवा आणि स्कॅनरने (ज्वाला ओळखणाऱ्या यंत्राने) तो पाहिला याची खात्री करा. मुख्य तेल सोडल्यावर १० ते १५ सेकंदांत ज्वाला स्थिर झाली नाही तर तेल बंद, आणि पुन्हा पूर्ण पर्ज. तापलेल्या विटांवर तेल सोडून पेटवण्याचा प्रकार कोणी करत असेल तर त्याला तिथून बाजूला करा. भट्टी फुटण्याचे ते सर्वांत जुने कारण आहे. चालू असताना ज्वाला गेली तर तेलाचा शट-ऑफ व्हॉल्व्ह ४ सेकंदांत बंद व्हायला हवा. स्कॅनर यूव्ही प्रकारचा असेल तर तो ज्वालेच्या मुळाकडे रोखा. न जळलेल्या तेलाचे धुके अतिनील किरण शोषते आणि ज्वाला असूनही स्कॅनर आंधळा होतो. तेलासाठी ज्वालेची थरथर ओळखणारा इन्फ्रारेड स्कॅनर जास्त भरवशाचा.

डिझेलवरून क्रूडवर येताना आधी क्रूड रिटर्न लाइनमधून फिरवून बर्नरजवळचे तापमान जुळवा, मग हळूहळू बदला. बंद करताना उलट: शेवटची १५ ते २० मिनिटे डिझेल, म्हणजे लाइनमध्ये ना मेण गोठते ना हलक्या वाफा साचतात. गन वाफेने साफ करायची तर पायलट जळत असतानाच, कारण गनमधले तेल भट्टीतच पडणार आहे. नंतर गन बाहेर काढून ठेवा. तापलेल्या भट्टीत थंड हवेविना राहिली तर टीपवर, म्हणजे गनच्या टोकावर, कोक (जळका कोळसा) जमतो.

ज्वाला आणि धूर वाचणे

चांगली ज्वाला झगझगीत पिवळी, कडा स्वच्छ, मागच्या भिंतीला किंवा नळ्यांना न टेकणारी. धुराड्यावर जेमतेम दिसणारी फिकट तपकिरी छटा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा फवारा जाड. आधी फवारा तपासा. नुसती हवा वाढवून धूर लपवला तर उष्णता धुराड्यातून जाते आणि दोष तसाच राहतो. पांढरा धूर जास्त हवेचा, पाण्याचा किंवा न जळलेल्या तेलाच्या वाफेचा. ज्वाला मंद आणि धूर पांढरा असेल तर वाट न पाहता तेल बंद करा. ज्वालेत ठिणग्या दिसल्या तर थेंब जाड आहेत: तेल थंड, वाफ ओली किंवा टीप झिजलेली. बर्नरच्या तोंडाच्या विटेवर कोक जमत असेल तर गन फार मागे आहे किंवा टीप एका बाजूने फवारते. गन एका वेळी १० मिलिमीटरच हलवा आणि दर वेळी पाहा. टीप लाकडी किंवा पितळी काडीने साफ करावी. लोखंडी तारेने भोक ओरखडले की ती टीप गेली.

हवा लावताना लोडच्या चार-पाच टप्प्यांवर एकच रीत. हवा कमी करत जा, कार्बन मोनॉक्साइड चढू लागला की थांबा, तिथून ऑक्सिजन अर्धा ते एक टक्का वाढवा. धुरात ऑक्सिजन २ ते ३.५ टक्के, कार्बन डायऑक्साइड १३ ते १४ टक्के आले की ठीक. नवीन खेप आली की हे पुन्हा करायचे, कारण क्रूड दर खेपेला तेच राहील असे नाही. दोन खेपा, किंवा क्रूड आणि फर्नेस ऑइल, एका टाकीत मिसळण्याआधी छोट्या नमुन्याची डाग-चाचणी करा. मिसळलेल्या तेलाचा थेंब गाळणकागदावर टाका. डागाच्या मधोमध गडद कडे उमटले तर अस्फाल्टीन सुटते आहे. असे मिश्रण टाकीत गेले की गाळण्या तासातासाला भरतात.

राख, गंधक आणि नळ्या

व्हॅनेडियम आणि सोडियम हे क्रूडच्या राखेतले खरे शत्रू. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ६७० ते ६९० अंशांना वितळतो आणि सोडियम सोबत असेल तर ५५० ते ६०० अंशांच्या आसपासच चिकट द्रव बनतो. तो सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळीवर बसून धातूचे संरक्षक आवरण विरघळवतो. सुपरहीटर नसलेल्या लहान बॉयलरला याची झळ कमी, पण वीट खराब होतेच. उपाय तीन: मीठ धुऊन काढणे, म्हणजे बंद भांड्यात गरम तेलात गोडे पाणी मिसळून वेगळे करणे, मॅग्नेशियमयुक्त पूरक द्रव्य देणे, आणि हवा कमीत कमी ठेवणे. तिसऱ्याला पैसे पडत नाहीत. हवा कमी असली की व्हॅनेडियम उच्च तापमानाला वितळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात राहतो आणि सल्फर ट्रायऑक्साइडही कमी बनतो.

त्या सल्फर ट्रायऑक्साइडचे धुराड्याकडच्या थंड टोकाला गंधकाम्ल होते. गंधकाच्या प्रमाणानुसार ते १२० ते १५० अंशांवर धातूवर दवासारखे जमते. धूर १७० अंशांच्या खाली नेऊ नका आणि इकॉनॉमायझरला (धुराच्या उष्णतेने फीड वॉटर तापवणाऱ्या नळ्यांना) थंड पाणी देऊ नका, कारण नळीचा धातू धुराच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाजवळ असतो.

धुराचे तापमान रोज एकाच लोडवर नोंदवा. ते २२ अंशांनी चढले की साधारण १ टक्का इंधन वाया जाऊ लागते. सूट ब्लोइंग (वाफेने काजळी उडवणे) दर पाळीला करा, त्याआधी वाफेच्या लाइनमधले पाणी काढा. बॉयलर लांबच्या मुदतीसाठी बंद होत असेल तर काजळी तशीच ठेवू नका. ती हवेतले पाणी शोषून आम्ल बनते. सोडा अ‍ॅश मिसळलेल्या गरम पाण्याने धुवा, निचऱ्याचे पाणी लिटमसवर उदासीन येईपर्यंत धुवत राहा आणि लगेच डिझेलच्या लहान ज्वालेवर भट्टी कोरडी करा. धुण्याच्या पाण्यात व्हॅनेडियम आणि आम्ल असते, ते वेगळ्या टाकीत घेऊन उदासीन करूनच पुढे पाठवा. धुणाऱ्या माणसाला मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे द्या. व्हॅनेडियमची धूळ श्वासनलिकेला जाळते.